वस्तूचं वय विचारायला मुलांना शिकवूया



चौथीच्या परिसर अभ्यासात 'प्राण्यांचा जीवनक्रम' हा पाठ आहे. अंडं, अळी, कोष आणि मग फुलपाखरू. मी फळ्यावर मोठा गोल काढते, बाण दाखवते, मुलं वहीत उतरवून घेतात. शाळेच्या मागे रुईचं झाड आहे, तिथे अळी सापडलीच तर ती काचेच्या बरणीत ठेवून रोज बघतो. दोन वर्षांपूर्वी हाच पाठ चालू असताना मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. म्हणाला, "मॅडम, माझ्या ताईचा टॅब पण मेला. टॅबचं पण असं चक्र असतं का?"

सगळा वर्ग खो-खो हसला. मला मात्र हसू आलं नाही. कारण तो टॅब घ्या, असं त्याच्या वडिलांना मीच सांगितलं होतं.

झालं होतं असं. लॉकडाऊन संपून शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. मुलांचा अभ्यास खूप मागे पडला होता, पालक घाबरलेले होते आणि खरं सांगायचं तर आम्ही शिक्षकही घाबरलो होतो. पालकसभेच्या दिवशी एका कंपनीचे दोन तरुण प्रतिनिधी आले. टॅब, त्यात सगळ्या विषयांचे व्हिडिओ, सराव चाचण्या, शंका विचारायची सोय. डेमो छान होता. 'आज नाव नोंदवलं तर सवलत' असंही ते म्हणाले. या मुलाचे वडील तुर्भ्याच्या मार्केटमध्ये माथाडी आहेत, घर कोपरखैरण्याला. सभा संपल्यावर ते माझ्याजवळ आले आणि विचारलं, "मॅडम, घेऊ का? तुम्ही सांगा." मी म्हटलं, "घ्या दादा, मुलीचा फायदा होईल."

चोवीस महिन्यांचे हप्ते ठरले. दीड वर्ष झालं आणि एक दिवस ॲप उघडेना. मदत क्रमांक लागेना. ज्या प्रतिनिधींनी सही घेतली होती त्यांनी नोकरी सोडली होती. हप्ते मात्र चालूच राहिले, कारण वस्तू एका कंपनीची आणि कर्ज दुसऱ्या फायनान्स कंपनीचं. कागदावर ते दोन वेगळे व्यवहार होते. हे वडिलांना माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं.

मुलाच्या त्या प्रश्नानंतर मी थोडं वाचायला लागले. माझा भाचा बी.कॉम.ला आहे, त्याच्या मार्केटिंगच्या नोट्स मागून घेतल्या. त्यात चक्क आमच्या फुलपाखरासारखंच चक्र होतं! त्याला म्हणतात उत्पादनाचं जीवनचक्र. तेव्हापासून माझं एक ठाम मत झालं आहे आणि तेच सांगायला आज लिहिते आहे. जाहिरात खरी की खोटी, एवढंच मुलांना शिकवून भागत नाही. समोरची वस्तू तिच्या आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर आहे, हे विचारायची सवय त्यांना लावली पाहिजे. कारण विकणारा आपल्याशी कसं बोलतो, हे बरंचसं वस्तूच्या वयावर ठरतं.

वस्तूचं आयुष्य म्हणजे काय?

थिओडोर लेविट नावाच्या अमेरिकेतल्या प्राध्यापकांनी १९६५ मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू' या नियतकालिकात यावर एक लेख लिहिला. तेव्हापासून व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांत हे जीवनचक्र हमखास शिकवलं जातं. कल्पना सोपी आहे. बाजारात आलेल्या वस्तूचे साधारण चार टप्पे असतात : ओळख, वाढ, परिपक्वता आणि उतार. प्रत्येक टप्प्यावर कंपनीची गरज वेगळी असते. म्हणून किंमत, जाहिरात, दुकानातली मांडणी, सवलती हे सगळं बदलतं. आता आपल्या ओळखीची उदाहरणं घेऊन एकेक टप्पा बघू.

पहिला टप्पा : ओळख

नवी वस्तू आली की लोकांना ती माहीत नसते, तिच्यावर विश्वास नसतो. विक्री कमी आणि खर्च जास्त, म्हणून या टप्प्यात बहुतेक वेळा तोटाच असतो. कंपनी दोनपैकी एक वाट धरते. एक तर किंमत जास्त ठेवायची आणि हौशी, पैसेवाल्या लोकांना आधी विकायचं. नाहीतर किंमत अगदी कमी ठेवून एकदम सगळ्यांच्या हातात वस्तू द्यायची.

दुसऱ्या वाटेचं उदाहरण आपल्या नवी मुंबईचंच आहे. घणसोलीला रिलायन्सचा मोठा परिसर आहे, आमच्या कितीतरी मुलांच्या खिडकीतून तो दिसतो. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओची सेवा सुरू झाली तेव्हा इंटरनेट आणि कॉल दोन्ही फुकट होते. ती सवलत आधी डिसेंबरपर्यंत होती, पुढे मार्च २०१७ पर्यंत वाढवली. सिमकार्डासाठी लागलेल्या रांगा आठवतात ना? त्या महिन्यांत आपल्याला मोबाइलवर व्हिडिओ बघायची सवय लागली. सवय लागल्यावर दर सुरू झाले. मग डिसेंबर २०१९, डिसेंबर २०२१ आणि जुलै २०२४ मध्ये दर वाढले, आणि तेव्हा इतर मोठ्या कंपन्यांनीही वाढवले. यात फसवणूक काही नाही, सगळं जाहीरपणे झालं. देशात इंटरनेट स्वस्त झालं हा फायदाही खराच. पण फुकट हा शब्द वस्तूच्या बालपणातला आहे, हे मुलांना कळायला हवं. 'आज फुकट आहे, मग उद्या काय?' हा प्रश्न चौथीचं मूल नक्की विचारू शकतं.

ओळखीच्या टप्प्यात आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे उसना विश्वास. नवी वस्तू स्वतःच्या नावावर खपत नाही, म्हणून ती कोणाच्या तरी हाताला धरून घरात शिरते. टूथपेस्टच्या जाहिरातीत पांढरा कोट घातलेला माणूस असतो तो याचसाठी. आमच्या पालकसभेत तो पांढरा कोट मी घातला होता. मला त्याचा एक रुपयाही मिळाला नाही, पण विक्री झाली ती माझ्या शब्दावर.

दुसरा टप्पा : वाढ

लोकांना वस्तू पटली की मागणी भराभर वाढते. नफा दिसायला लागतो आणि नफा दिसला की स्पर्धक येतात. इथे खरी धडपड असते ती वस्तू जास्तीत जास्त दुकानांत पोहोचवण्याची.

आपल्याकडे एक मजेशीर काळ असाही होता की मागणी प्रचंड आणि पुरवठा तोकडा. आकुर्डीच्या बजाज ऑटोने १९७२ मध्ये चेतक स्कूटर आणली. राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव! त्या काळी किती गाड्या बनवायच्या यावर सरकारी परवान्याचं बंधन होतं. त्यामुळे लोक नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचे. तुमच्या घरातल्या आजोबांना विचारा, नंबर लागल्यावर पेढे वाटल्याची आठवण निघेल. अशा वेळी कंपनीला मन वळवायची गरजच नसते, गिऱ्हाईकच दारात उभं असतं.

तिसरा टप्पा : परिपक्वता

आता ज्यांना वस्तू घ्यायची होती त्यांनी घेतलेली असते. नवं गिऱ्हाईक फारसं उरत नाही, स्पर्धक भरपूर असतात आणि सगळ्यांच्या वस्तू जवळपास सारख्याच असतात. आपल्या घरात रोज येणाऱ्या बहुतेक गोष्टी याच टप्प्यात आहेत : साबण, बिस्किटं, चहा पावडर, टूथपेस्ट. आणि म्हणूनच सर्वात जास्त जाहिराती याच वस्तूंच्या असतात.

चेतकचंच पुढे बघा. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली. गिअर नाही, किक मारायची कटकट नाही, बटण दाबलं की सुरू. पाठोपाठ १९८५ मध्ये हिरो होंडाची मोटरसायकल आली, ती पेट्रोल कमी खायची. चेतकची रांग ओसरू लागली. आणि १९८९ मध्ये टीव्हीवर 'हमारा बजाज'ची ती प्रसिद्ध जाहिरात आली. आपल्यापैकी अनेकांना ती अजून तोंडपाठ असेल. पण आठवून बघा, त्यात ॲव्हरेज किती, किंमत किती, असं काही होतं का? नव्हतं. त्यात कुटुंब होतं, देश होता, अभिमान होता. वर्षानुवर्षं रांग लागत होती तोपर्यंत असं काही सांगायची गरज पडली नव्हती. भावनेला हात घालावा लागला तो स्पर्धा दारात आल्यावर.

मुलांना मी एक साधी खूण सांगते. जाहिरातीत वस्तूची माहिती जास्त असेल तर वस्तू बहुधा नवी आहे. माहिती कमी आणि आई, आजी, सण, मैत्री, डोळ्यांत पाणी असं जास्त असेल, तर वस्तू वयाने मोठी आहे. दर वेळी हे बरोबर येईलच असं नाही, पण मुलं टीव्हीकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतात हे नक्की.

या टप्प्याची दुसरी युक्ती पाकिटावर सापडते. पाच रुपयांचा पुडा वर्षानुवर्षं पाच रुपयांचाच राहतो. कच्चा माल महागतो, पण किंमत वाढवली तर गिऱ्हाईक शेजारचा पुडा उचलेल अशी भीती असते. मग वजन कमी होतं. मुलांच्या हातात नाणं तेच, पुडाही दिसायला तोच, पण आत बिस्किटं कमी. मग 'नवीन', 'आता अधिक चविष्ट', 'स्टिकर मोफत' असे शब्द वाढतात. मुलांना हे स्टिकर कोणत्या वयात दाखवायचे हे कंपनीला चांगलं ठाऊक असतं. आपल्या मुलांना त्याची कल्पना नसते.

परिपक्वतेचा टप्पा कितीही लांबू शकतो, हेही सांगायला हवं. विलेपार्ल्यात १९२९ मध्ये पार्लेचा कारखाना सुरू झाला, दहा-एक वर्षांत ग्लुकोज बिस्किट आलं, आणि तेच आज पार्ले-जी म्हणून आपल्या चहात बुडतंय. विलेपार्ल्याचा तो जुना कारखाना २०१६ मध्ये बंद झाला, बिस्किट मात्र चालूच आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर त्याचा खप विक्रमी झाल्याच्या बातम्या होत्या. म्हणजे म्हातारपण प्रत्येक वस्तूला येतंच असं नाही.

चौथा टप्पा : उतार

मागणी कमी होते, दुकानदार वस्तू मागच्या फळीवर ढकलतो. कंपनीपुढे तीन वाटा असतात : वस्तू सुधारायची, दुसरीकडे वळायचं, नाहीतर सरळ थांबायचं.

दुसऱ्या वाटेचं उदाहरण तुमच्या मुलाच्या दप्तरात आहे. १९३१ मध्ये मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांच्या बंधूंनी शाईचा उद्योग सुरू केला. आधी घोडा छाप शाईची पूड आणि वड्या, मग फाउंटन पेनसाठी उंट छाप कॅमल शाई. बाजारात तेव्हा परदेशी शाईचा बोलबाला होता. पुढे बॉलपेन आलं. सुरुवातीला आपल्याकडच्या शाळांनी त्याला विरोध केला, अक्षर बिघडतं म्हणून. पण शेवटी बोटांना शाई लागणं बंदच झालं. शाईची दौत उताराला लागली. पण दांडेकरांची कंपनी फक्त शाईवर विसंबून राहिली नव्हती. रंगपेटी, खडू, पेन्सिली, कंपासपेटी यांत ती आधीच उतरली होती. २०११ मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीने तिच्यात मोठा हिस्सा घेतला, आणि आज पनवेलच्या पुढे पाताळगंगेला तिचा कारखाना आहे. दौत गेली, पण उंट अजून आपल्या वर्गात आहे.

तिसऱ्या वाटेचं उदाहरण पुन्हा बजाजचं. २००९ मध्ये कंपनीने स्कूटर बनवणं पूर्ण थांबवून मोटरसायकलवर लक्ष द्यायचं ठरवलं. निर्णय राजीव बजाज यांचा, आणि आपल्याला याचं वाईट वाटतं असं त्यांचे वडील राहुल बजाज यांनी उघडपणे सांगितलं होतं. पण रस्त्यावरच्या लाखो स्कूटर त्या दिवशी बंद पडल्या नाहीत. पार्ट मिळत राहिले, गल्लीतला मेकॅनिक होताच. ऑक्टोबर २०१९ मध्ये चेतक हेच नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरला दिलं आणि जानेवारी २०२० मध्ये ती बाजारात आली. नाव जुनं, पण वस्तू पुन्हा पहिल्या टप्प्यावर.

आता टॅबकडे येऊ. जुनी स्कूटर कंपनीशिवाय चालत होती. दौत तर कंपनीशिवाय चालतेच. पण आजच्या कितीतरी वस्तूंचा जीव त्यांच्या आत नसतो, तो कंपनीच्या सर्व्हरमध्ये असतो. कंपनीने हात काढून घेतला की त्याच दिवशी वस्तू मरते, मग काच कितीही चकचकीत असो. लॉकडाऊनमध्ये अशा शैक्षणिक वस्तूंचं बालपण आणि तरुणपण काही महिन्यांत उरकलं. शाळा उघडल्या आणि मागणी घसरली. म्हणजे ज्या दिवशी मी "घ्या दादा" म्हटलं, त्या दिवशी वस्तू उताराला लागली होती आणि बोलणं मात्र ओळखीच्या टप्प्यातलं होतं. 'आजच सवलत' ही घाई खपवायची होती, शिकवायची नव्हती. हे मला तेव्हा कळलं असतं तर त्या घरातून पुढचे हप्ते गेले नसते.

माझं म्हणणं

कंपन्या वाईट आणि व्यापार पाप, असं मला अजिबात म्हणायचं नाही. आमच्या वर्गातली निम्मी मुलं मार्केटच्या कमाईवर शिकतात. वस्तू जुनी होणं हाही गुन्हा नाही. माझा आक्षेप एकच आहे. उताराचा तोटा गिऱ्हाईकाच्या गळ्यात बांधला जातो, आणि तो गळा बहुतेक वेळा सर्वात कमी माहिती असलेल्या माणसाचा असतो.

काही सहकारी म्हणतात, "प्राथमिकच्या मुलांना मार्केटिंग कशाला? आधी वाचन-लेखन तर येऊ दे." त्यांचं बरोबर आहे, वाचन-लेखन आधीच. पण पाकिटावरचं वजन वाचणं हे वाचनच आहे, आणि दहा ग्रॅमला किती पैसे पडले हे काढणं गणितच आहे. शिवाय विकणारे मुलं मोठी व्हायची वाट बघत नाहीत. मग आपण का बघायची? केंद्र सरकारने २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत जी मार्गदर्शक तत्त्वं आणली, त्यात मुलांसाठीच्या जाहिरातींचा वेगळा विचार केला आहे, तो उगाच नाही.

वर्गात मी काय करते

मुलांना घरून रिकामी पाकिटं आणायला सांगते. एक तास नुसतं वाचन : किंमत, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख. मग गटात एकाच किमतीची दोन पाकिटं देऊन प्रत्येकी दहा ग्रॅमची किंमत काढायची. दुसऱ्या तासाला फळ्यावर फुलपाखराच्या चक्राशेजारी वस्तूचं चक्र काढते आणि मुलं चिठ्ठ्या चिकटवतात. गेल्या वर्षी 'सीडी' उताराला गेली, 'ई-स्कूटर' वाढीला. 'वाळवण' कुठे ठेवायचं यावर दोन गट भांडले. एकीची आजी साताऱ्याहून कुरडया पाठवते, दुसरीच्या घरी पाकीट येतं! तिसरा भाग गृहपाठ : आजी-आजोबांना विचारून आता न मिळणारी एक वस्तू लिहून आणायची आणि ती का गेली हे सांगायचं. साहित्याचा खर्च शून्य.

पालकहो, तुमच्यासाठी चार प्रश्न

घरात मुलांसाठी काही महागाचं घेण्याआधी हे विचारा. एक, ही वस्तू बाजारात कधी आली आणि आज तिची मागणी वाढते आहे की घटते आहे? दोन, कंपनी बंद झाली तर वस्तू चालेल का? तीन, हप्ता कोणाला द्यायचा आहे, आणि वस्तू बंद पडली तर तो थांबेल का? हे उत्तर तोंडी नको, कागदावर घ्या. चार, 'आजच' का? उद्या मिळणार नसेल तर त्याचं कारण काय? आणि अडचण आलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लक्षात ठेवा. पावती आणि करारपत्र जपून ठेवा, तक्रार त्याच्याच जोरावर उभी राहते.

आणि शिक्षक मित्रांनो, आपल्यासाठी एकच नियम. पालकसभा पालकांची असते, ती कोणाची विक्रीची जागा नाही. कोणी कितीही चांगली वस्तू घेऊन आलं तरी मी आता सांगते, "पत्रक ठेवून जा, पालक स्वतः ठरवतील." पालकांनी मला विचारलं, तर मी 'घ्या' किंवा 'घेऊ नका' असं काही सांगत नाही. वरचे चार प्रश्न हातात देते.

त्या दादांना मी सगळं खरं सांगितलं, माझं चुकलं हेही सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, तुम्हाला तरी काय माहीत." या वाक्याने मला जास्त लागलं. माहीत असणं हेच तर माझं काम आहे.

तो मुलगा आता सहावीत आहे. परवा शाळेच्या गेटवर भेटला. स्मार्ट घड्याळ हवं म्हणून घरी हट्ट चालू आहे म्हणाला. मी विचारलं, "मग? घेणार?" तर म्हणतो कसा, "थांबलोय मॅडम. आधी बघतो, ते अळी आहे की फुलपाखरू."

तुमच्या वर्गातही हा पाठ घेऊन बघा.